हार्ड डिस्क उडाली? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर या गोष्टी तपासून बघा

जून महिना. लाखनीत किंवा तुमसरमध्ये कुठेतरी एक छोटा फोटो स्टुडिओ. आभाळ भरून येतं, दोनदा लाईन जाते, दोनदा येते. यूपीएसची बॅटरी तर कधीचीच बसलेली. लाईन परत आल्यावर दुकानदार कॉम्प्युटर चालू करतो आणि समोर काळा स्क्रीन. त्यावर इंग्रजीत एक ओळ : ‘डिस्क बूट फेल्युअर’.

“काहून चालू होऊन नाही राहिला बे हा?”

मग ओळखीच्या पोराला फोन जातो. पोरगा येतो, दहा मिनिटं बघतो आणि सांगतो, “काका, विंडोज उडाली. फॉरमॅट मारावा लागेल.”

काका हो म्हणतात. कॉम्प्युटर तासाभरात चालू होतो. आणि संध्याकाळी लक्षात येतं, की मागच्या आठ वर्षांच्या लग्नांचे फोटो त्यातच होते.

ही गोष्ट एका दुकानाची नाही. जुना कॉम्प्युटर वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या आसपास असं काहीतरी घडलेलं असतं. यातली वाईट गोष्ट अशी, की अशा वेळी बऱ्याचदा हार्ड डिस्क खराब झालेलीच नसते. कधी केबल सैल असते, कधी मदरबोर्डवरचा बारका सेल संपलेला असतो. डेटा मात्र दुरुस्तीच्या नावाखाली जातो.

म्हणून हा लेख. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क रुसली तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि कुठे थांबायचं, ते आपण पाहू. एक नियम आधीच सांगून ठेवतो : आधी डेटा, मग कॉम्प्युटर. नवी डिस्क बाजारात मिळते, तुमचे फोटो मिळत नाहीत.

पण इतके जुने कॉम्प्युटर आता वापरतं कोण?

भरपूर जण वापरतात. विंडोज एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तरीही राईस मिलच्या ऑफिसात जुन्या टॅलीवर हिशेब चालू असतो. डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या लग्नपत्रिकांच्या फाइली असतात. कुणाचा जुना स्कॅनर नव्या विंडोजवर चालत नाही. मशीन काम करतंय, मग बदलायचं कशाला, असा साधा हिशेब असतो आणि तो चुकीचा नाही.

फक्त आपल्याकडचं वातावरण डिस्कला मानवत नाही. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मिलच्या परिसरात धानाचा कोंडा आणि धूळ कॅबिनेटमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात विजा आणि लाईनीचा लपंडाव. या सगळ्याचा मार हार्ड डिस्क, एसएमपीएस आणि केबल यांच्यावर पडतो.

आधी समजून घ्या : साखळीत पाच कड्या असतात

जुन्या हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक हेड सरकतं आणि डेटा वाचतं. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी असतं. त्यामुळे धक्का, धूळ किंवा अचानक गेलेली वीज डिस्कला महागात पडू शकते.

तुमचा फोटो स्क्रीनवर दिसण्यासाठी पाच गोष्टी नीट असाव्या लागतात :

१. वीज : एसएमपीएसमधून डिस्कला नीट करंट मिळाला पाहिजे.
२. केबल : डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी तार नीट बसलेली पाहिजे.
३. बायोस : कॉम्प्युटरला ‘इथे डिस्क आहे’ हे कळलं पाहिजे.
४. विंडोज आणि फाइलींची नोंद : कुठली फाइल कुठे आहे, याची यादी शाबूत पाहिजे.
५. खुद्द डिस्क : तबकड्या, हेड, मोटर आणि खालचं सर्किट.

फॉरमॅट मारल्याने यातली फक्त चौथी कडी नव्याने तयार होते. पहिली, दुसरी किंवा तिसरी तुटलेली असेल तर फॉरमॅटचा काही उपयोग नाही. पाचवी तुटलेली असेल तर फॉरमॅट मारून डिस्कवर आणखी ताण येतो. म्हणून तपासणी वरून खाली करायची, फॉरमॅटपासून सुरुवात करायची नाही.

पहिलं काम : कान लावा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कॅबिनेटजवळ कान न्या आणि कॉम्प्युटर चालू करा.

डिस्क एकसारखी, हळू आवाजात फिरतेय : चांगली खूण. डिस्क बहुधा जिवंत आहे. केबल, बायोस किंवा विंडोजचा घोळ असू शकतो.

आवाजही नाही, हाताला थरथरही नाही : डिस्कला वीज पोचत नाही किंवा तिचं सर्किट गेलंय. वीज देणारा दुसरा कनेक्टर लावून बघा.

ठरावीक अंतराने ‘टक… टक… टक’ : हेडला आपली जागा सापडत नाहीये. वीज कमी पडली तरी असा आवाज येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या कनेक्टरवर एकदाच लावून बघा. आवाज तसाच राहिला तर कॉम्प्युटर बंद करा. पुन्हा चालू करू नका.

बारीक ‘पीं पीं’ किंवा घुरघुर, पण डिस्क फिरत नाही : मोटर अडकली आहे किंवा हेड तबकडीला चिकटलं आहे. इथेही थांबा.

शेवटच्या दोन आवाजांत पुढचे घरगुती उपाय करायचे नाहीत. प्रत्येक वेळी चालू केल्यावर हेड तबकडीला घासण्याचा धोका असतो, आणि जिथे ओरखडा पडला तिथला डेटा कुणीच परत आणू शकत नाही.

स्क्रीनवरची ओळ काय सांगते?

इंग्रजी ओळ बघून घाबरू नका. मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. नेहमी दिसणाऱ्या ओळींचा अर्थ असा :

‘नॉन सिस्टिम डिस्क’ किंवा ‘डिस्क बूट फेल्युअर’ : आधी बघा, कुठला पेनड्राइव्ह, सीडी किंवा फ्लॉपी आत राहिली आहे का. कॉम्प्युटर त्यातून चालू व्हायचा प्रयत्न करत असतो. काढा आणि रिस्टार्ट करा. बऱ्याचदा इथेच काम होतं.

‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ : बायोसला डिस्क दिसत नाहीये, किंवा दिसतेय पण तिच्यावर विंडोज सापडत नाहीये.

‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ (एक्सपी) किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ (विंडोज ७) : विंडोज सुरू करणारी फाइल मिळाली नाही. चुकीच्या डिस्कवरून चालू होत असेल तरीही ही ओळ येते. तुमचे फोटो आणि हिशेब बहुधा जागेवरच असतात.

‘सीमॉस चेकसम एरर’ : मदरबोर्डवरचा सेल संपत आलाय. डिस्कचा दोष नाही.

‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ : डिस्क स्वतःच सांगतेय की तिचे दिवस भरत आलेत. ही ओळ एफ १ दाबून पुढे ढकलू नका. त्याच दिवशी डेटा काढून घ्या.

केबल : सगळ्यात स्वस्त दोष

आधी स्विच बंद करा आणि मागची वायर काढा. कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नीट नाही. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आता तुमची डिस्क कोणत्या जातीची आहे ते बघा.

रुंद, चपटी पट्टी असेल तर ती आयडीई डिस्क. तिला ४० पिनांचा कनेक्टर आणि विजेसाठी चार पिनांचा जाड कनेक्टर असतो. पट्टीच्या एका कडेची तार रंगीत, बहुतेक वेळा लाल असते. ती पहिल्या नंबरच्या पिनेकडे हवी. पट्टीत ८० बारीक तारा असतील तर निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मुख्य डिस्कला आणि मधलं राखाडी दुसऱ्या ड्राइव्हला लागतं.

आयडीईमध्ये एक जुनी भानगड आहे : मास्टर आणि स्लेव्ह. एका पट्टीवर दोन ड्राइव्ह असतील तर एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह ठरवावं लागतं. त्यासाठी ड्राइव्हच्या मागे पिनांवर एक इवलासा जंपर असतो आणि कुठल्या पिनांवर तो लावायचा, याचा तक्ता ड्राइव्हच्या स्टिकरवर छापलेला असतो. दोन्ही मास्टर केले तर कधी एक दिसतो, कधी एकही दिसत नाही. जुन्या कॉम्प्युटरला कुणी दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह लावून दिला आणि तेव्हापासून हार्ड डिस्क दिसेना, असं झालं असेल तर पहिला संशय जंपरवर घ्या.

बारीक, बोटभर रुंदीची केबल असेल तर ती साटा डिस्क. हिच्यात जंपरची भानगड नाही. डेटाच्या केबलला ७ आणि विजेच्या कनेक्टरला १५ पिना असतात. सुरुवातीच्या साटा केबलींना खटका नसायचा, त्यामुळे कॅबिनेट हलवलं की केबल थोडी सैल व्हायची. केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जागेत लावून बघा. दुसरी केबल असेल तर ती लावून बघा.

आतली धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

सेल आणि बायोस : डिस्क आहे, पण दिसत नाही

कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहिलं की बायोस उघडतो. (काही कंपन्यांमध्ये एफ १० असतं.) तिथे तुमच्या हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघा.

नाव दिसतंय तर वीज आणि केबल बहुधा ठीक आहेत. ‘बूट ऑर्डर’मध्ये हार्ड डिस्क पहिली करा.

नाव दिसत नसेल आणि कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर सेल बदला. मदरबोर्डवर नाण्यासारखा चपटा गोल सेल असतो : सीआर २०३२, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की कॉम्प्युटर आपली सगळी सेटिंग्ज विसरतो.

इथे एक खास सापळा आहे. साटा डिस्कसाठी बायोसमध्ये ‘आयडीई’ आणि ‘एएचसीआय’ असे दोन मोड असतात. विंडोज एक्सपी साधारणपणे आयडीई मोडमध्ये टाकलेली असते. सेल संपून मोड बदलला, की एक्सपी सुरू होता होता निळा स्क्रीन येतो आणि त्यावरच्या पहिल्या कोडच्या शेवटी ‘७बी’ असतं. अनेक जण इथे विंडोज नव्याने टाकतात. खरं तर मोड पूर्वीसारखा केला की तीच विंडोज पुन्हा चालू होते.

वीज : एसएमपीएस म्हातारा झालाय का?

जुनी मोठी डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे २ ॲम्पिअर खेचते. जुना एसएमपीएस तेवढं देऊ शकला नाही तर डिस्क फिरता फिरता थांबते, पुन्हा सुरू होते. कॉम्प्युटर कधी चालू होतो, कधी नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोटे उभे डबे, वरून फुगलेले दिसत असतील तर तीही वीज बिघडल्याची खूण आहे.

ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याने डिस्कच्या कनेक्टरवर मोजावं : पिवळी तार १२ व्होल्ट, लाल तार ५ व्होल्ट, काळ्या दोन्ही अर्थच्या. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर एसएमपीएस बदला. मल्टिमीटर नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं हा सोपा मार्ग.

चालू होतो, पण फार हळू चालतो?

दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही वेगळी आहेत.

पहिलं कारण एक्सपीचं. आयडीई डिस्ककडून डेटा घेताना सहा वेळा चूक झाली, की एक्सपी डिस्कला ‘पीआयओ’ नावाच्या जुन्या मोडमध्ये टाकते. मग सेकंदाला जास्तीत जास्त १६ एमबीच्या आसपास डेटा येतो आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ उघडा, ‘प्रायमरी आयडीई चॅनल’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ बघा. तिथे ‘पीआयओ मोड’ लिहिलेलं असेल तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा शोधून वेगवान मोडमध्ये लावते. पण पुन्हा पुन्हा पीआयओ येत असेल तर केबल बदला.

दुसरं कारण बॅड सेक्टर. डिस्कवरचे काही भाग वाचता येईनासे होतात, डिस्क तिथे अडून राहते आणि कॉम्प्युटर ‘हँग’ होतो. हे ओळखायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती नोंद हे सॉफ्टवेअर दाखवतं. त्यात चार ओळी बघा :

‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ : किती भाग खराब होऊन त्यांच्या जागी राखीव भाग वापरले.
‘करंट पेंडिंग सेक्टर’ : किती भाग आत्ता वाचता येत नाहीयेत.
‘अनकरेक्टेबल सेक्टर’ : किती भाग वाचायचा प्रयत्न फसला.
‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर’ : ही चूक बहुतेक वेळा केबलची असते, डिस्कची नाही.

पहिल्या तीन ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यू’मध्ये शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल, तर डिस्कवर विश्वास ठेवू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या डिस्कवर तपासणीत पहिली चूक सापडली, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा ३९ पट जास्त होती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे स्मार्ट वाईट सांगत असेल तर ऐका, पण ‘गुड’ सांगत असेल तर निर्धास्त राहू नका.

तापमानही तिथेच दिसतं. बहुतेक डिस्क ६० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. उन्हाळ्यात आकडा ५० च्या वर जात असेल तर कॅबिनेटचा पंखा फिरतोय का ते बघा आणि कॅबिनेट भिंतीपासून थोडं दूर सरकवा.

आता डेटा बाहेर काढा

डिस्क फिरतेय, आवाज ठीक आहे, पण विंडोज चालू होत नाही. इथे फॉरमॅट मारायचा मोह होतो. त्याऐवजी डिस्क काढा आणि दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला जोडा. यूएसबीने जोडणारा कन्व्हर्टर किंवा केसिंग कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं. घेताना आयडीई की साटा ते सांगा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेलंच केसिंग घ्या, कारण यूएसबीतून फक्त ५ व्होल्ट मिळतात आणि या डिस्कला १२ व्होल्टही लागतात.

कॉपी करताना क्रम ठेवा. सगळ्यात आधी जे परत मिळणार नाही ते : फोटो, हिशेब, कागदपत्रं. सिनेमे आणि गाणी शेवटी.

आपल्याकडे हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा :

डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स. हे सी ड्राइव्हवर असतात, म्हणून ‘फक्त सी फॉरमॅट करतो’ म्हटलं तरी तेच जातात.
टॅलीचं डेटा फोल्डर. ते अनेकदा टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतं.
विंडोजचं फॉन्ट फोल्डर. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट नसतील तर वाचवलेली पत्रिका उघडेल, पण अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसेल.

कॉपी करताना डिस्क अडत असेल तर एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. ती सोडा, पुढच्या घ्या. जमत असेल त्याने लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ वापरावं. ते आधी नीट वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि अवघड भागाकडे नंतर वळतं.

चेक डिस्क कधी चालवायचं?

डेटा काढल्यानंतर. विंडोजमधलं चेक डिस्क (ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक नाऊ) फाइलींची नोंद दुरुस्त करतं. लाईन अचानक गेल्यावर झालेल्या गोंधळात ते उपयोगी आहे. पण ‘बॅड सेक्टर शोधा’ ही दुसरी टिक लावली की ते पूर्ण डिस्क कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत वाचतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला ती शेवटची धाव ठरू शकते. शिवाय बिघडलेल्या नोंदी दुरुस्त करताना फाइलींचे तुकडे होऊन त्यांची नावंही जाऊ शकतात.

फॉरमॅट आधीच मारून झालाय? तरी आशा आहे. क्विक फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त यादी पुसली जाते, फोटो तिथेच असतात. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅटही जुना डेटा पुसत नव्हता. विंडोज व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. म्हणून चूक लक्षात आली त्या क्षणी कॉम्प्युटर बंद करा, त्यावर नवं काहीही टाकू नका. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फोटोरेक किंवा टेस्टडिस्क ही फुकट साधनं वापरा. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवू नका.

पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरला. घरं बुडाली, दुकानं बुडाली, आणि त्यांच्यासोबत जमिनीवर ठेवलेले सीपीयूही.

अशा वेळी पाणी ओसरलं की कॉम्प्युटर उन्हात वाळवायचा आणि चालू करून बघायचा, हे सगळ्यांना सुचतं. तसं करू नका. बहुतेक हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. फिरवली की गाळ तबकड्या खरवडतो. वाळवली की तो घट्ट चिकटतो. म्हणून डिस्कला वीज देऊ नका, ओलसर असतानाच बंद पिशवीत ठेवा आणि लवकरात लवकर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि हो, भंडारा तांदळाचा जिल्हा असला तरी डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवू नका.

टकटक करणारी किंवा भिजलेली डिस्क स्वच्छ खोलीत, खास साधनांनीच उघडावी लागते. नागपूर भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. अशा मोठ्या शहरात चौकशी करताना तीन प्रश्न विचारा : तपासणीचे किती घेणार? डेटा निघाला नाही तर पैसे द्यावे लागतील का? डिस्क इथेच उघडणार की दुसरीकडे पाठवणार?

हे तीन ‘जुगाड’ टाळा : डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं (आत दव धरतं), डिस्कवर टपली मारणं, आणि वरचं झाकण उघडून बघणं. दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून लावणंही सहसा चालत नाही, कारण अलीकडच्या डिस्कच्या सर्किटमध्ये त्याच डिस्कपुरती माहिती साठवलेली असते.

सीडी ड्राइव्ह आणि फ्लॉपीचं काय?

सीडीचा ट्रे उघडत नसेल तर ड्राइव्हच्या पुढे सुईएवढं भोक असतं. कॉम्प्युटर बंद करून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच दाबा. सीडी वाचत नसेल तर आधी दुसरी सीडी लावून बघा. तीही वाचली नाही तर लेन्सवरच्या धुळीचा संशय घ्या. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहत असेल तर तिची पट्टी उलटी लागली आहे.

नवी डिस्क लावताना

जुन्या साटा कॉम्प्युटरला एसएसडी लावता येते आणि मशीन बरंच तरतरीत होतं. आयडीई मदरबोर्डला साटा डिस्क लावायची तर कन्व्हर्टर लागतो. सर्व्हिस पॅक १ शिवायच्या एक्सपीला १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखता येत नाही, तेव्हा फार मोठी डिस्क घेऊ नका.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी मात्र थांबा. ती सेवा केंद्रातली किंवा झेरॉक्सच्या दुकानातली असेल तर तिच्यात लोकांचे आधार कार्ड, बँक पासबुक आणि सातबारा स्कॅन केलेले असतात. डिलीट केल्याने ते जात नाहीत. चालू डिस्क असेल तर विंडोज ७ किंवा त्यापुढच्या कॉम्प्युटरला लावून पूर्ण फॉरमॅट करा. बंद पडलेली असेल तर तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडा.

थोडक्यात क्रम असा

आवाज ऐका. स्क्रीनवरची ओळ वाचा. पेनड्राइव्ह आणि सीडी काढा. केबल आणि जंपर बघा. सेल आणि बायोस बघा. एसएमपीएस बघा. डेटा दुसरीकडे घ्या. त्यानंतर चेक डिस्क. आणि सगळ्यात शेवटी, डेटा दुसऱ्या जागी उघडून खात्री झाल्यावरच, फॉरमॅट.

आणि हे सगळं वाचायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर आजच एक बाहेरची डिस्क घ्या. महिन्यातून एकदा फोटो आणि हिशेब तिच्यात उतरवा आणि ती दुकानात न ठेवता घरी, उंचावर ठेवा. यूपीएसची बॅटरीही पावसाळ्याआधी बदलून घ्या. पुढच्या वेळी पोरगा म्हणाला, “काका, फॉरमॅट मारावा लागेल”, तर तुम्हाला बिनधास्त म्हणता येईल, “मार.”